प्रवरेतील शिंपल्यांचा अंदाज कसा घ्यावा?

शेततळ्यात मोत्यांची शेती करता येईल का, अशी विचारणा अनेक शेतकरी करतात. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने यासाठीचे तंत्र विकसित केले आहे. त्यात लॅमेलिडेन्स जातीचा, आपल्या नद्यांत आढळणारा शिंपला वापरतात. शिंपले आणायचे कोठून, या प्रश्नाला देवळाली प्रवरा परिसरात उत्तर ठरलेले असते: प्रवरा आहेच की! परंतु एका पट्ट्यातून 500 शिंपले उचलण्यापूर्वी तेथे एकूण आहेत तरी किती, हे पाहावयास हवे. शिंपल्याची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस वाढते आणि मगच तळाशी पडते. मासे घटले की नवी पिढीही घटते, मोठे शिंपले मात्र दिसत राहतात.

मातीचा नमुना घेताना बांधालगतची, झाडाखालची वा खताच्या ढिगाखालची माती आपण टाळतो. नदीत मात्र घाटाजवळ, गुडघाभर पाण्यात जेथे शिंपले हाताला लागतात तेथेच मोजणी होते. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा पहिल्या खेपेस आम्हीही हेच केले आणि आकडा भलताच फुगला. तासभर चाचपून शोधल्याने शिंपले आहेत की नाहीत एवढे कळते, संख्या कळत नाही.

पावसाळ्यानंतर पाणी निवळून कमी झाले की मोजणी करावी. कालव्याचे किंवा नदीचे आवर्तन केव्हा सुटणार, याची पाटबंधारे कार्यालयात आधी चौकशी करावी. एकट्याने पाण्यात उतरू नये. वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत, म्हणून पुढे काठी टेकवत चालावे.

समजा, 100 मीटर लांब व 20 मीटर रुंद पट्टा निवडला. क्षेत्र झाले 2000 चौरस मीटर. 50 सें.मी. बाजूची लोखंडी सळईची चौकट करून घ्यावी, म्हणजे एका चौकटीत पाव चौरस मीटर तळ येतो. 0 ते 9 अंकांच्या चिठ्ठ्या करून दोन वेळा उचलाव्यात, पहिली उचलली की ती परत टाकून मग दुसरी. 3 आणि 7 आले, तर पहिली चौकट लांबीत 3 मीटरवर आणि काठापासून 7 मीटरवर ठेवावी. तेथून दोन्ही दिशांना दर 10 मीटरवर पुढची चौकट. अशा 20 चौकटी होतात. नव्या चिठ्ठ्या काढून हेच आणखी दोनदा करावे. एकूण 60 चौकटी, म्हणजे 15 चौरस मीटर. चौकट खडकावर पडली तरी जागा बदलू नये. तेथे शून्य मिळाले तर शून्यच लिहावे. हा नियम मोडण्याचा मोह सर्वांना होतो.

लहान शिंपले वाळूत दडलेले असतात. म्हणून चौकटीतील वाळू 10 ते 15 सें.मी. खोल काढून बारीक चाळणीने चाळावी. 60 ठिकाणी खणणे जमत नसेल, तर वरचे शिंपले सर्वत्र मोजून दर चौथी चौकट खणावी. खणलेल्या चौकटींत वर दिसलेले 3 आणि खणून एकूण 6 निघाले, तर वरच्या मोजणीला 2 ने गुणावे. जिवंत शिंपल्यांची लांबी पट्टीने मोजून ते लगेच त्याच जागी ठेवावेत. रिकाम्या शिंपा वेगळ्या लिहाव्यात.

सर्व चौकटी खणल्या आणि तीन फेऱ्यांत अनुक्रमे 2, 3 आणि 7 शिंपले मिळाले असे धरू. प्रत्येक फेरीत 5 चौरस मीटर तळ पाहिला. त्यावरून पूर्ण पट्ट्याचे अंदाज 800, 1200 आणि 2800 येतात, सरासरी 1600. वहीत केवळ 1600 लिहून थांबू नये, तिन्ही आकडे लिहावेत. ते एकमेकांपासून इतके लांब असतील, तर शिंपले पुंजक्यांनी राहतात असे समजावे आणि चिठ्ठ्या काढून आणखी दोन फेऱ्या घ्याव्यात.

या पट्ट्यातून 500 उचलावेत काय? सर्वांत कमी अंदाज 800 आहे आणि चाळणीत लहान शिंपले आलेच नसतील, तर एकही उचलू नये. लहान शिंपले भरपूर असले तरी लगेच उचलण्याची घाई करू नये. पुढील वर्षी याच दिवसांत नव्या चिठ्ठ्या काढून पुन्हा मोजावे आणि दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी मांडून मग ठरवावे.