एक गीझर, दोन कामं

सुरुवातीलाच कबूल करते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. थर्मोडायनॅमिक्सला मराठीत काय म्हणतात ते संपादकांनी मला सांगितलं होतं आणि मी ते लगेच विसरलेही. तेव्हा शब्द इंग्रजी आले तर चालवून घ्या. विषय मात्र साध्या पाण्याचा आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटात राहतो. तिथे जानेवारीत रात्री पारा उणे २० च्याही खाली जातो. मावशी आणि आजी त्याच्याकडेच असतात. आजीला जिना चढवत नाही, म्हणून दादाने तळघरात तिच्यासाठी न्हाणीघरासकट ऐसपैस खोली काढायचं ठरवलं. एकदा व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "अगं इंजिनिअर, इथे काँक्रीट ओतायचंच आहे. त्यात पाइप टाकून गरम पाणी फिरवलं तर? घरात गॅसचा वॉटर हीटर आहेच. त्याच्यावरच नळ आणि त्याच्यावरच जमीन! डायग्रॅम काढून दे."

मी खूश! दुसऱ्या वर्षाला हीट ट्रान्सफर झालेलं, आणि कोणीतरी आपल्याला विचारतंय. रात्री मेसमधून आले आणि हिशोब मांडला.

आधी हिशोब

जमीन गरम करायची कल्पना जुनीच आहे. रोमन लोक फरशीखालून गरम हवा खेळवत, कोरियात ‘ओंडोल’मध्ये चुलीचा धूर जमिनीखालून नेत. आता त्या जागी पाणी आलं, एवढंच.

खोली ४० चौरस मीटर. इन्सुलेशन चांगलं धरून उष्णतेची गळती सुमारे २.५ किलोवॅट, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६२ वॅट. जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा एक अंशाने जास्त गरम असेल तर चौरस मीटरला अंदाजे ११ वॅट मिळतात. म्हणजे खोली २० अंशांवर ठेवायला जमीन २६ च्या आसपास हवी. राहत्या खोलीसाठी २९ ही मर्यादा मानतात, तेव्हा आपण आत आहोत.

पाणी ३८ अंशांना आत जाऊन ३२ ला परत येतं असं धरलं, तर Q = m·c·ΔT वरून प्रवाह येतो मिनिटाला ६ लिटर. पाइप अर्धा इंची पेक्स, २० सेंटिमीटर अंतराने, एकूण २०० मीटर, तीन वेटोळ्यांत.

आता हीटर. १५० लिटरची टाकी, बर्नर तासाला ४०,००० बीटीयू, म्हणजे ११.७ किलोवॅट. चिमणीतून जाणारं वजा केलं तर पाण्याला साधारण ९ मिळतात. जमिनीला २.५ हवेत. सोपं वाटतं ना? पण शॉवर बघा. ५ अंशांचं नळाचं पाणी ४० ला न्यायचं, मिनिटाला ८ लिटर. उत्तर येतं १९.५ किलोवॅट! म्हणजे राक्षस जमीन नाही, आंघोळ आहे. आंघोळीच्या वेळी टाकीतला साठाच कामाला येतो. म्हणून एक थर्मोस्टॅट असा लावायचा की टाकी गार पडू लागली की जमिनीचा पंप आपोआप थांबेल. काँक्रीट तासाभरात थंड होत नाही, आजीला कळणारही नाही.

मग मी डायग्रॅम काढला. टाकीतून गरम पाणी पंपाने जमिनीत, जमिनीतून परत टाकीत, आणि त्याच टाकीतून नळाला. एकच पाणी, एकच पंप, स्वस्त आणि मस्त. शाबासकी घ्यायला आमच्या सरांकडे गेले.

सरांचा एक प्रश्न

सरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "मे महिन्यात जमीन बंद. तेव्हा पाइपातलं पाणी काय करतं?"

"काही नाही सर, पडून राहतं."

"किती?"

मी काढलं. २०० मीटरमध्ये जवळजवळ २४ लिटर.

"आणि ऑक्टोबरात पंप चालू केला की ते कुठे जातं?"

टाकीत. टाकीतून शॉवरमध्ये. शॉवरखाली आजी. मी गप्पच झाले.

सरांनी लेजिओनेलाचं नाव सांगितलं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन होतं. त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला, तिसेक माणसं गेली. जानेवारी १९७७ मध्ये त्यामागचा जंतू सापडला. तिथे संशय एअर कंडिशनिंगवर होता, पण हा जंतू घरगुती पाण्यातही असू शकतो. साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो, ६० ला लवकर मरतो. पिण्यापेक्षा श्वासातून, बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो. धोका म्हाताऱ्या माणसांना जास्त.

आता माझे आकडे पुन्हा बघा. ३८ आत, ३२ बाहेर. ज्या तापमानाचा मला अभिमान होता, तेच जंतूंच्या सोयीचं!

कोणी म्हणेल, टाकी ६० वर ठेवली की झालं. पण बंद वेटोळ्यातल्या पाण्याला टाकीचं तापमान कळतच नाही. पंप सुरू झाला की ते साचलेलं पाणी टाकीत शिरतं आणि ६० अंशांत पुरेसा वेळ राहण्याआधीच नळाला जाऊ शकतं.

दुरुस्त डायग्रॅम

हीटर एकच ठेवायचा, पाणी दोन करायची. मध्ये स्टेनलेस स्टीलचा प्लेट हीट एक्स्चेंजर. एका बाजूने टाकीचं पाणी, दुसऱ्या बाजूने जमिनीचं. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. खर्च वाढतो, कारण पंप दोन लागतात. जमिनीच्या बंद सर्किटला स्वतःची एक्स्पान्शन टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि हवा काढायची सोय लागते. पाइपही ऑक्सिजन आत न येऊ देणारा हवा, नाहीतर पंपाचं लोखंड गंजतं.

टाकी ६० वरच ठेवायची. पण ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, म्हणून नळाच्या लाइनवर मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून ते ४९ पर्यंत उतरवायचं.

मी दादाला फोन केला तेव्हा काँक्रीट ओतायला चार दिवस होते. "दादा, माझा पहिला डायग्रॅम फाडून टाक," हे म्हणायला मला फार जड गेलं. तो म्हणाला, "अगं, फाडायचा काय? काँक्रीट ओतून झाल्यावर सांगितलं असतंस तर जमीन फोडावी लागली असती." यंदाच्या थंडीत आजी तिथे मोज्यांशिवाय फिरते. मला म्हणाली, "पायाखाली ऊन पडल्यासारखं वाटतं गं."

आता आपल्या हॉस्टेलकडे या. गच्चीवर सोलर हीटर आहे आणि तिथून तीन मजले पाइप खाली येतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यात पाणी कोमट होऊन पडून राहतं. तेव्हा सुट्टीनंतर पहिल्या दिवशी खिडकी उघडा, नळ सावकाश सोडा, पाणी उडू देऊ नका, आणि पाण्याला चटका येईपर्यंत काही मिनिटं वाहू द्या. ते बादलीत धरून संडासात वापरा, वाया नको. शॉवर असेल तर त्याची झारी काढून मगच पाणी सोडा. रेक्टर मॅडमना विनंती, सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी हे सगळ्याच मजल्यांवर करून घेतलं तर फार बरं होईल.

आणि माझ्यासारख्या उत्साही डिझायनरांनो, सिस्टिम चालू असताना काय होतं ते आपण सगळेच काढतो. ती बंद असताना आत काय होतं, तेही एकदा काढून बघा.