पूलच्या टेबलावरील एकाग्रता : एका बालरोगतज्ज्ञाचे चिंतन

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शीर मिळत नसते, तेव्हा परिचारिकेची, निवासी डॉक्टरांची आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या आजीची नजर आपल्या बोटांवर खिळलेली असते. पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर एकदा अशाच प्रसंगी माझे दोन प्रयत्न फसले आणि तिसऱ्या वेळी हात कापला. शेवटी कनिष्ठ सहकाऱ्याने कॅन्युला सहज लावला. घरी परतताना ध्यानात आले की, हा अनुभव मला नवा नव्हता. आदल्याच रविवारी सिकंदराबादच्या एका क्लबात पूल खेळताना माझे सातही चेंडू पॉकेटमध्ये गेले होते. उरलेला काळा चेंडू अगदी पॉकेटच्या तोंडाशी होता आणि तोच नेमका चुकला.

सोपा फटका का चुकतो, या प्रश्नाचा मागोवा म्हणजे हा लेख.

खेळाची परंपरा

पूल हा बिलियर्ड्स आणि स्नूकर यांचा धाकटा भाऊ. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात आणि पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद पटकावले. पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच. गीत सेठी यांनी १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत एकाच पाळीत १२७६ गुणांची खेळी केली. एवढी खेळी म्हणजे सलग शेकडो फटके. त्यांतील प्रत्येक फटका नव्याने पाहावा लागतो. मागच्या फटक्याचा आनंद किंवा पुढच्या गुणांचा हिशेब मनात शिरला की पाळी संपते.

शास्त्र काय सांगते?

यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली मांडलेला नियम आपण सर्वांनी अभ्यासला आहे. मनाची उत्तेजना अगदी कमी असली तरी काम बिघडते आणि फार वाढली तरीही बिघडते. काम जितके नाजूक, तितकी ही मर्यादा लवकर येते. दुसरे असे की, सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचालीवर दडपणाखाली मन पहारा करू लागले, की ती हालचाल अडखळते. काळ्या चेंडूवर वाकलो असता माझे लक्ष चेंडूवर नव्हते. ते होते मनगटावर आणि जिंकण्यावर.

मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 'फ्लो' या अवस्थेची लक्षणे वर्णिली आहेत : स्पष्ट उद्दिष्ट, कृतीचा तत्काळ मिळणारा प्रतिसाद, आणि आव्हान व कौशल्य यांचा मेळ. पूलमध्ये ही तिन्ही आयतीच मिळतात. बिलियर्ड्सपटूंवरील २००२ च्या एका अभ्यासात विल्यम्स, सिंगर आणि फ्रेहलिक यांना असे आढळले की, फटक्यापूर्वीची अखेरची स्थिर नजर कुशल खेळाडूंची अधिक काळ टिकते, आणि यशस्वी फटक्यांत ती आणखी दीर्घ असते. जोन व्हिकर्स यांनी या नजरेला 'शांत डोळा' असे नाव दिले. शल्यक्रियेतील गाठी बांधण्याच्या प्रशिक्षणातही या तंत्राचा उपयोग करून पाहण्यात आला आहे.

टेबलावरील पथ्ये

१. विचार उभ्याने करावा, फटका वाकून मारावा. कोणता चेंडू, कोणते पॉकेट आणि पांढरा चेंडू कोठे थांबवायचा, हे वाकण्यापूर्वीच ठरवावे. वाकल्यावर शंका आली, तर निःसंकोच उठून पुन्हा पाहावे.

२. क्रम ठरलेला असावा. चॉक, एक संथ उच्छ्वास, क्यूचे दोन-तीन सराव-झोके. फटका सोपा असो वा अवघड, या क्रमात बदल नको.

३. अखेरची नजर लक्ष्य-चेंडूवर स्थिरावू द्यावी. घाई करू नये.

४. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत मनाला विश्रांती द्यावी. तासभर अखंड एकाग्र राहणे कोणालाच साधत नाही; पाळी येताच परतणे मात्र साधते.

व्यवसायबंधूंना एक सूचना : हाताचा कंप थांबविण्यासाठी कोणी प्रोप्रानोलॉल मागितल्यास सावध असावे. बीटा-ब्लॉकर औषधांना बिलियर्ड्स प्रकारांत स्पर्धेच्या वेळी बंदी आहे.

टेबलाबाहेर

आपल्या हैदराबादेत दहावी आणि इंटरच्या मुलांचे पालक माझ्याकडे एकाग्रतेचे टॉनिक मागावयास येतात. असे टॉनिक नाही. मुलाच्या डोळ्यांपुढे सतत निकाल धरला, तर समोरचे गणित त्याला दिसेनासे होते, एवढेच मी त्यांना सांगतो. माझा काळा चेंडू असाच हुकला होता.

आता बाळाजवळ गेल्यावर मी प्रथम उभ्याने दोन्ही हात-पाय पाहतो, शीर निश्चित करतो, श्वास सोडतो आणि मगच सुई हाती घेतो. दोन प्रयत्न फसले, तर सुई सहकाऱ्याकडे सोपवतो. पूलच्या टेबलावर चुकले तर फार तर एक डाव जातो. येथे मात्र प्रत्येक टोचणी त्या चिमुकल्या जिवाला सोसावी लागते.