सुंदर आहे, पण सपाट का वाटतो?

प्रश्न: सह्याद्रीत भटकताना मी हौसेने निसर्गाचे फोटो काढतो. सोबत पाठवलेला हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा फोटो माझा सर्वांत आवडता. घरचे आणि ट्रेकचे मित्र 'झकास' म्हणतात. एका जाणकारांनी मात्र 'ठीक आहे, पण सपाट वाटतो' एवढंच म्हणून परत दिला. कुणाचं खरं मानायचं? आणि फोटो सुधारायचे असतील तर कुणाला, नेमकं काय विचारायचं?

उत्तर: दोघांचंही खरं माना. तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत आणि त्या जाणकारांनीही उगाच खोट काढलेली नाही. अडचण एवढीच की दोघांपैकी कुणीही फोटोतल्या एखाद्या जागेवर बोट ठेवलं नाही. 'झकास' ऐकून बरं वाटतं, 'सपाट' ऐकून मन खट्टू होतं. पण पुढच्या खेपेला कुठे उभं राहायचं, किती वाजता पोहोचायचं, काय गाळायचं, हे दोन्हींतून कळत नाही. जो अभिप्राय ऐकून पुढचा फोटो वेगळा काढता येतो, तोच कामाचा.

म्हणून तुमचा फोटोच समोर घेऊ. माझी नजर पहिल्यांदा गेली ती खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या सॅकवर. सगळ्या करड्या कातळात तेवढाच एक भडक रंग आहे, त्यामुळे डोळा तिथे जातो आणि तिथेच घुटमळतो. तिथून सुटला की थेट वरच्या पांढऱ्याफटक आभाळात. त्या आभाळाने अर्धी चौकट अडवली आहे, पण त्यात ढग नाही की रंग नाही. आणि ज्याच्यासाठी तुम्ही एवढा गड चढलात, तो कडा डावीकडे काळपट उरला आहे. त्याचा वळसा कळतो, खोली कळत नाही.

असं का झालं? कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. सकाळभर सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि कातळ सावलीत. सॅकची सावली आखूड आहे, म्हणजे दुपार होत आली असावी. आपला डोळा आभाळावरून कड्याकडे वळला की लगेच जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही सांभाळायचं असतं. इथे त्याला एकही धड सांभाळता आलेलं नाही. 'सपाट' म्हणतात ते यालाच. कातळावरचे थर, भेगा, कपारी उठून दिसायच्या तर ऊन तिरकं हवं. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो. तेव्हा चारनंतर कड्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला थांबून उत्तरेकडे पाहिलंत, तर ऊन डावीकडून येईल आणि बेसाल्टचे आडवे थर वेगवेगळे दिसायला लागतील. पलीकडच्या अंगाला, धारेपासून चांगलं आत उभं असलेलं एखादं माणूस चौकटीत आलं तर कड्याच्या आकाराचाही अंदाज येईल. फोटोसाठी कुणाला धारेवर मात्र उभं करू नका.

आता तुमच्या मित्रांविषयी. ते तुमच्याबरोबर गड चढले आहेत. कड्यावर पालथं पडून खाली डोकावताना त्यांच्याही पोटात गोळा आला होता, खालून येणारा वारा त्यांच्याही तोंडावर आला होता. फोटो पाहताना त्यांना ते सगळं आठवतं आणि फोटोत जे नाही ते ते स्वतःच्या पदरचं घालून घेतात. तुमचंही तसंच होत असणार. जितकी चढाई अवघड, तितका तिथला फोटो आपल्याला जास्त आवडतो. म्हणून जो माणूस तिथे कधीच गेलेला नाही, त्याला फोटो दाखवा. शेजारच्या काकू चालतील, कॉलेजातला भाचा चालेल.

दाखवण्याआधी मात्र एक काम करा. तिथे तुम्ही का थांबलात, हे एका वाक्यात लिहून ठेवा. 'पायाखालची जमीन अचानक संपते, हे दाखवायचं होतं' असं काहीतरी. ते वाक्य समोरच्याला सांगू नका. 'कसा वाटला?' असंही विचारू नका, कारण त्याचं उत्तर ओळखीचा माणूस 'छान' असंच देणार. विचारायचं ते असं: नजर पहिल्यांदा कुठे गेली? मग कुठे? यातलं काय नसतं तर चाललं असतं? मिळालेली उत्तरं तुमच्या वाक्याशेजारी ठेवा. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढंच तुम्हाला सुधारायचं आहे.

हे अंतर जागच्या जागी ओळखणं ही फार मोठी गोष्ट. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीत हाफ डोमच्या कड्यासमोर उभे होते. काचेच्या दोनच प्लेट शिल्लक होत्या. पिवळा फिल्टर लावून त्यांनी एक वापरली आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, की यात आभाळ फिकट येणार, कड्याचा जो दरारा वाटतो आहे तो उतरणार नाही. शेवटच्या प्लेटला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. आभाळ जवळजवळ काळं आलं, आणि तोच फोटो पुढे गाजला. दुसऱ्यांचे नेमके अभिप्राय ऐकत गेलात तर 'मला वाटतंय ते यात उतरेल का?' हा प्रश्न कॅमेरा हातात असतानाच स्वतःला विचारायची सवय हळूहळू लागते.

एकटा फोटो दाखवण्यापेक्षा दहा एकदम दाखवा, असंही सुचवेन. ब्रिटनमध्ये १८५३ साली स्थापन झालेली रॉयल फोटोग्राफिक सोसायटी 'लायसेन्शिएट' या किताबासाठी दहा फोटोंचा संच मागते, आणि मला ती पद्धत फार पटते. एखादा फोटो नशिबानेही साधतो, पण दहांमध्ये आपल्या खोडी उघड्या पडतात. दहापैकी सात फोटोंत क्षितिज उजवीकडे कललेलं असेल, तर तो दोष त्या गडाचा नाही.

मिळालेल्या सूचना सारख्याच वजनाच्या नसतात. सॅक क्रॉप करणं, क्षितिज सरळ करणं, कडा थोडा उजळणं ही घरबसल्या होणारी कामं आहेत आणि त्यात लबाडी मानू नका. ॲडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या 'मूनराइज, हर्नांडेझ' या फोटोच्या प्रिंट पुढे कित्येक वर्षं नव्याने काढल्या, आणि त्यांतलं आभाळ अधिकाधिक गडद होत गेलं. निगेटिव्ह तीच होती. उजेड आणि उभं राहण्याची जागा मात्र घरी बदलत नाही, त्यासाठी पुन्हा गड चढावाच लागतो. आणि काढलेला पहिला फोटो डिलीट करू नका, दुसऱ्याशेजारी ठेवून पाहण्यासाठी तो लागेल.

राहिल्या आवडीनिवडी. 'क्षितिज मध्यावर नको' असं कुणी बजावलं तर 'का?' म्हणून जरूर विचारा. तुमच्या या फोटोत ते खरंच नको, कारण वरचा अर्धा भाग रिकामा आहे. पण भंडारदऱ्याच्या निवांत पाण्यात डोंगर जसाच्या तसा उमटला असेल, तर तिथे मध्यावरचं क्षितिजच शोभतं. एकमेकांना न ओळखणारी तीन माणसं एकाच जागी अडखळली, तर ती जागा दुरुस्त करा. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि तुमचं लिहून ठेवलेलं वाक्य तिघांपर्यंत पोहोचलं असेल, तर फोटोला हात लावू नका.