हात आवरता घे

सांगली

चि. प्रियांकास,


रुग्णसेवेचा कोर्स संपून ब्युरोतर्फे तुला पहिलं काम लागल्याचं दादाने कळवलं. पेशंट सत्तरीचे आजोबा, उजव्या बाजूचा पॅरालिसिस, हॉस्पिटलमधून घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. फोनवर तू उत्साहाने म्हणालीस, "आत्या, मी त्यांना कशालाच हात लावू देत नाही, सगळं मीच करते." त्यातली माया मला कळली. पण त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

सगळं तू करायचं नाहीस. आजोबांना जमतं ते त्यांनी करायचं, जमत नाही तेवढ्यालाच तू हात लावायचास, आणि जमण्याची हद्द रोज थोडी पुढे सरकते आहे का, यावर तुझी नजर हवी. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सने १९६६ च्या आपल्या पुस्तकात नर्सचं काम असंच मांडलं होतं: अंगात बळ असतं तर माणसाने स्वतः जे केलं असतं त्यात त्याला मदत करायची, आणि अशी करायची की लवकरात लवकर त्याचं आपल्यावाचून चालू लागेल. आमच्या ट्युटर सिस्टर हे घोकून घ्यायच्या. पॅरालिसिसच्या पेशंटजवळ त्याची खरी कसोटी लागते, कारण झटक्यानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे. त्या काळात मेंदू सगळ्यांत वेगाने सावरतो. पुढेही सुधारणा होते, पण हळूहळू. जो हात वापरला जात नाही, तो वापरायचा असतो हेच मेंदू विसरत जातो.

नाश्त्यापासून सुरुवात कर. तू भरवलंस तर पोह्यांची बशी दहा मिनिटांत रिकामी होते. त्यांना अर्धा-पाऊण तास लागेल, निम्मे पोहे मांडीवर सांडतील. लागू दे, सांडू दे. पलंगावर रेलून नको, खुर्चीत ताठ बसव, पाय जमिनीला टेकलेले. उजवा हात खाली लोंबकळत न ठेवता टेबलावर ताटाशेजारी ठेव, त्यांना दिसेल असा. बशीऐवजी उभ्या काठाची थाळी घे, म्हणजे घास काठाला लोटून चमच्यात घेता येतो. खाली ओलं फडकं घातलंस की थाळी सरकत नाही. उजव्या बोटांत पकड येऊ लागली की फिजिओला विचारून चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळ, जाड मूठ धरायला सोपी जाते. तोवर डाव्या हाताने खायचं, आणि त्याची त्यांना लाज वाटेल. जन्मभर डावा हात ताटाला न लावलेला माणूस तो. सुरुवातीला पाहुण्यांसमोर जेवायला बसवू नकोस, आणि आजींना आधी विश्वासात घे. त्यांनी "खा हो, त्यात काय झालं?" म्हटलं की निम्मा संकोच तिथेच जातो.

मात्र एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. उजव्या गालात अन्न साठून राहतं आणि पेशंटला ते जाणवतही नाही. पाणी पिताना ठसका लागला किंवा प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर आला तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना कळव. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. त्यांचं ते खातायत म्हणून फोन घेऊन गॅलरीत जायचं नाही. हात मागे घेशील तेव्हा नजर दुप्पट ठेवावी लागते.

खरी अडचण पेशंटची नसते, घरच्यांची असते. आजोबा पाच मिनिटं शर्टाच्या एका बटणाशी झगडतायत आणि तू शेजारी नुसती उभी, हे सूनबाईंनी पाहिलं की त्यांच्या मनात येणारच: हिला पैसे कशाचे देतो? मुलगा तर धावत येऊन बटण लावूनच टाकेल. आपल्याकडे सेवा म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पाण्याचा पेलाही उचलू न देणं. या मायेपायी कायमची अंथरुणाला खिळलेली माणसं मी पाहिली आहेत. चांगली घरभर हिंडली असती ती, आणि घरच्यांनी सेवेत काडीची कसूर केली नव्हती. मला त्याचा अजून त्रास होतो. तरी तू वाद घालू नकोस. फिजिओ येतील त्या दिवशी सगळ्यांना खोलीत बोलाव आणि सर्वांसमक्ष विचार, "यांनी स्वतः काय काय करायचं?" उत्तर त्यांच्या तोंडून आलं की तुझं थांबून राहणं कुणाला कामचुकारपणा वाटणार नाही.

कपडे घालताना आधी उजवी बाही, काढताना आधी डावी, हे कोर्समध्ये शिकली आहेस. पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घालून घे. अंघोळीला स्टुलावर बसवून पाण्याचा मग त्यांच्या डाव्या हातात दे. छाती, पोट, मांड्या त्यांनी धुवाव्यात. पाठ आणि तो डावा हात तू, कारण तो धुवायला त्यांच्याकडे दुसरा हात नाही.

आता खांद्याचं, आणि हे कधीही विसरू नकोस. उजव्या हाताला धरून त्यांना ओढायचं नाही, उठवतानाही नाही आणि कुशीवर वळवतानाही नाही. काखेत हात घालून उचलायचं नाही. स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा जागचा सरकतो, मग खांदा महिनोन्महिने दुखतो आणि दुखऱ्या खांद्याचा पेशंट व्यायामालाच नकार देतो. घरच्यांनी मालीशवाला बोलावलाच तर त्याला त्या खांद्याला झटके देऊ देऊ नकोस. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत घेताना खुर्ची त्यांच्या डाव्या, धडधाकट बाजूला लाव, ब्रेक लाव, पायपट्ट्या वर कर. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसू दे, चक्कर येते का पाहा. मग त्यांनी पुढे वाकायचं, डाव्या पायावर जोर घ्यायचा. तू कमरेचा पट्टा धरायचा आणि तुझ्या गुडघ्याने त्यांच्या उजव्या गुडघ्याला अडसर द्यायचा. तुझ्या गळ्यात हात टाकू देऊ नकोस, तुझी मान आणि पाठ तुला पुढची पुष्कळ वर्षं लागणार आहेत. चालायला लागले की काठी डाव्या हातात आणि तू उजवीकडे.

पडून असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदल, एअर बेड असला तरीही. वळवताना फरफटवू नकोस, चादरीसकट उचल, मदतीला घरातल्या कुणाला तरी बोलाव. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे रोज उजेडात पाहा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने चाचपून बघ. जागा गरम किंवा कडक लागली तर त्यावर भार येऊ द्यायचा नाही, चोळायचंही नाही, आणि डॉक्टरांना सांगायचं. जुन्या रबरी रिंगा कुणी काढून दिल्या तर घेऊ नकोस, कडेने दाबून त्या रक्तपुरवठाच तोडतात.

बोलणं अडखळतंय म्हणालीस. उजवी बाजू जाते तेव्हा बहुतेक वेळा मेंदूचा डावा भाग दुखावलेला असतो, आणि बहुतेकांची वाचा तिथेच असते. म्हणजे समज गेली असं नाही. एका वेळी एकच प्रश्न, शक्यतो हो-नाहीचा, आणि मग शब्द येईपर्यंत वाट पाहा. त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी इतरांशी बोलू नकोस. झटका आलेल्या तिघांतल्या एकाला पुढे नैराश्य येतं. जेवण टाकलं, व्यायामाला तोंड फिरवलं तर हट्टीपणा समजू नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल.

डायपर आहे म्हणून लघवीकडे दुर्लक्ष नको. उठल्यावर, जेवणानंतर आणि मधे दर दोन तासांनी कमोडच्या खुर्चीवर बसव. वेळ बांधली की ताबा परत यायला मदत होते, आणि माणसाचा सगळ्यांत मोठा अपमान थांबतो.

हे सगळं एका वहीत लिही. १९६५ साली प्रसिद्ध झालेला बार्थेल इंडेक्स नावाचा एक तक्ता आजही वापरात आहे: जेवण, अंघोळ, कपडे, कमोड, चालणं, जिना अशी दहा कामं, शंभर गुण. एमआरआयमध्ये काय दिसलं याला त्यात एकही गुण नाही. स्वतःच्या हाताने जेवले तर दहा, थोडी मदत लागली तर पाच, भरवावं लागलं तर शून्य. फिजिओंकडून तो समजून घे आणि दर आठवड्याला त्यांच्याकडून भरून घे. आकडा वाढलेला आजोबांना स्वतःला दाखव.

वहीचं एक पान रात्रपाळीच्या ताईंसाठी ठेव. तू दिवसभर थाळी त्यांच्या पुढ्यात ठेवायचीस आणि त्यांनी रात्री भरवून मोकळं व्हायचं, असं झालं तर आजोबा रात्रीचीच वाट पाहतील. ड्यूटी सोडताना दहा मिनिटं थांबून ताईंना दाखव, नुसतं सांगू नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा वही हाताशी ठेव. आधी मला कमोडच्या वेळा सांग, मग थाळीचं सांग.

तुझी,
सुमन आत्या