प्राजक्ताला, इंटर्नशिप संपताना

रिसोड, जि. वाशिम

चि. प्राजक्ता,


बीडीएसवर पोट भरतं का, की पुण्यात एखाद्या मोठ्या क्लिनिकमध्ये पगारावर राहू, असं तू विचारलंस. पोट भरतं, चांगलं भरतं, पण उशिरा. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं गाळ्याचं भाडं आणि हप्ते यांतच जातात. पुण्यात गल्लोगल्ली दवाखाने आहेत. नव्या डॉक्टरला तिथे मिळणाऱ्या पगारातून खोलीचं भाडं गेलं की हाती फारसं उरत नाही. हात बसवायला वर्षभर जा, पण तिथेच अडकू नकोस.

आपल्याकडे कमाईचा हंगाम पिकावर चालतो. पेरणीच्या दिवसांत खुर्ची रिकामी राहते. दिवाळीच्या आसपास सोयाबीन बाजार समितीत गेलं की माणसं दुखरी दाढ घेऊन येतात, पुढे तुरीचे पैसे आले की पुन्हा. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. म्हणून पहिली खुर्ची देशी बनावटीची घे. पैसा चांगल्या ऑटोक्लेव्हवर आणि एक्स-रेवर घाल. कॅपचं माप अकोल्याच्या लॅबला पाठवता येतं, स्वतःची लॅब थाटायची गरज नाही.

"काढूनच टाका डॉक्टर," हे तुला रोज ऐकावं लागेल. दात काढला की एका बैठकीत, थोड्या पैशात मोकळं होता येतं. आपली खरी मिळकत रूट कॅनाल आणि कॅपमध्ये आहे, आणि पेशंटचं हितही त्यातच आहे. एक्स-रे समोर धरून दहा मिनिटं समजावलंस तर निम्मे तरी थांबतात. त्या दहा मिनिटांचा कंटाळा केलास तर आयुष्यभर दातच काढत बसशील.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. परवा तेवीस वर्षांचा पोरगा अक्कलदाढ दुखते म्हणून आला. तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत, त्याच्या तोंडात दोनही जाईनात. गाल आतून पांढरे, चामड्यासारखे ताठ. दाढेपर्यंत हँडपीस पोचवायचा कसा? गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी सुटलेली नाही. अशा तपासणीत पैसा जवळजवळ नाही. तरी प्रत्येकाचं तोंड बघच. संशय आला तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन नागपूरला पाठव. कॅन्सर वेळेत सापडतो तो असाच, आणि गाव तुला ओळखू लागतं तेही यामुळेच.

एमडीएस भीतीपोटी करू नकोस. शासकीय जागा मिळाली आणि विषय मनापासून आवडला तर तीन वर्षं जरूर दे. कर्ज काढून खाजगी जागा घ्यायला माझा साफ विरोध आहे.

इंटर्नशिप संपली की आधी दंत परिषदेची नोंदणी पूर्ण कर. मग महिनाभर माझ्या दवाखान्यात येऊन बस. जमाखर्चाची वही तुझ्यापुढे ठेवतो, ती वाचून तूच ठरव.

तुझा,
मामा