इंग्रजीत शिकता येईल, पण राहता?

पालकहो,

आपल्या शहराजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा या चेक कंपनीच्या गाड्या जोडल्या जातात. त्यामुळे चेक प्रजासत्ताक हे नाव आपल्याकडच्या कितीतरी घरांना ओळखीचं आहे. आता याच घरांतली मुलं-मुली इंजिनिअरिंग झालं की युरोपात शिकायला जायचं म्हणतात. आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथं इंग्रजी चालतं ना?"

चालतं. आयर्लंड आणि माल्टात तर इंग्रजी राजभाषाच आहे. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्कमध्ये रस्त्यावरचा माणूसही बहुधा इंग्रजीत उत्तर देतो आणि पदव्युत्तर शिक्षणाचे बरेच वर्ग इंग्रजीतच भरतात. पण एवढ्यावर समाधान मानू नका.

आधी पैशाचं बोलू. चेक सरकारी विद्यापीठात चेक भाषेत शिकणाऱ्या परदेशी मुलांनाही शिकवणी शुल्क नाही. इंग्रजीतून शिकायचं म्हटलं की फी भरावी लागते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं फी घेत नाहीत. पण स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, तिथं आपल्या मुलांना सहामाहीला १५०० युरो मोजावे लागतात. शिवाय जर्मनीच्या व्हिसासाठी सध्या वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवावे लागतात. तिथं पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. खोलीचं भाडं, जेवण, विमा सगळं त्यातच. तेव्हा एजंट 'फुकट शिक्षण' म्हणाला, तर हा हिशेब त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, आणि मगच जमिनीला हात लावा.

आता भाषेचं. वर्ग सुटला की मुलाला खोली शोधायची असते, ताप आला तर डॉक्टर गाठायचा असतो, सुट्टीत काम धरायचं असतं. प्राध्यापक इंग्रजी बोलतात; घरमालक, दुकानाचा मॅनेजर, कारखान्यातला फोरमन बोलेलच असं नाही. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधताना तर हे जास्तच जाणवतं.

आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं करणारे बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडनला इंग्रजीतच शिकले. तरीही १९२१ साली बॉन विद्यापीठात प्रवेश मागताना त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, ते जर्मनमध्ये. इंग्रजीवर त्यांच्याइतकी हुकमत असलेल्या माणसालाही तिथली भाषा शिकण्यात कमीपणा वाटला नाही.

म्हणून एक विनंती. देश ठरला की व्हिसाची वाट न बघता त्या देशाच्या भाषेचा क्लास लावा, शक्यतो पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला जसे पैसे काढून ठेवता, तसे यालाही ठेवा. आणि मुलगी जाणार असेल, तर "एकटी कशी राहील?" ही काळजी करत बसण्यापेक्षा तिला तिथली भाषा येईल एवढं बघा. तिचा निम्मा एकटेपणा त्यानंच जाईल.