पिकअप गाडीची उंची आणि तिला योग्य चाके व टायर

शेतात पिकलेला माल वेळेवर व सुस्थितीत बाजारपेठेत पोहोचणे हे पीक उत्तम येण्याइतकेच महत्त्वाचे आहे. एके काळी हे काम बैलगाडी करीत असे. आज ते खेडोपाडी पिकअप गाडीकडे आले आहे. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, जुन्नरकडून माळशेज घाट उतरणारा भाजीपाला व नाशिककडून कसारा घाटाने मुंबईस जाणारी द्राक्षे यांचा प्रवास अशा गाड्यांच्या चार चाकांवर होतो. त्या चार चाकांवर मालाची किंमत आणि गाडीत बसलेल्या माणसांचे प्राण ही दोन्ही विसंबून असतात.

टायर झिजून बदलण्याची वेळ आली की गाडीमालकाच्या मनात निरनिराळे विचार येतात. हौदा थोडा खाली आला तर क्रेट चढविणे सोपे होईल, असे एकास वाटते. रुंद व बुटकी चाके बसविल्यास गाडी दिसावयास चांगली दिसेल, असे दुसऱ्यास वाटते. तिसऱ्यास मोटारीचे जुने टायर स्वस्तात मिळत असतात. अमेरिकेत पिकअप खाली बसवून सजविण्याचा छंद फार वर्षांपासून आहे. परंतु तेथील हौशी मनुष्य सजविलेली गाडी गुळगुळीत रस्त्यावर व बहुधा रिकामी चालवितो. आपली गाडी भरलेली असते, आणि तिचा निम्मा मार्ग शेतरस्त्याचा असतो. यास्तव असा बदल करण्यापूर्वी त्यामागील तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

उंची दोन ठिकाणी असते

गाडीची उंची दोन भागांत मोजावी. पहिला भाग जमिनीपासून आसापर्यंतचा. तो केवळ टायरच्या व्यासावर अवलंबून असतो. दुसरा भाग आसापासून चासीपर्यंतचा; तो पाटे, स्प्रिंगा व त्यांच्या जोडणीवर अवलंबून असतो. पाट्यांमध्ये फेरफार केल्याने हौदा खाली येतो, परंतु मागील आसाच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तितकाच उंच राहतो. उलट, लहान टायर बसविल्यास हौदा, चासी व तो गोळा ही सर्वच खाली येतात. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर किंवा ओढ्यातील दगडावर जो भाग प्रथम आपटतो तो बहुधा हा गोळा अथवा इंजिनाखालील तेलाची टाकी होय. सबब लहान टायर हा गाडी खाली घेण्याचा सोपा दिसणारा, पण शेतरस्त्यावर सर्वांत गैरसोयीचा मार्ग आहे.

पाट्यांमधील फेरफार

मागील पाटे आसाच्या वर असल्यास ते आसाच्या खाली घेऊन, आणि मुळातच खाली असल्यास आस व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून हौदा खाली आणतात. काही ठिकाणी पाट्यांतील एखादे पान काढून टाकतात. ही शेवटची रीत सर्वथा त्याज्य समजावी. कारण पान काढले म्हणजे उंचीबरोबर गाडीची वजन पेलण्याची शक्तीही कमी होते. पुढील स्प्रिंग कापून आखूड करणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

ठोकळा घालून केलेल्या कामातही तीन अडचणी उद्भवतात. पहिली अशी की, आस व चासी यांतील मोकळी जागा कमी झाल्याने भरलेली गाडी खड्ड्यात गेली की आस चासीवर आदळतो. दुसरी म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर व प्रोपेलर शाफ्ट यांचे कोन बदलून त्यांची झीज वाढते. तिसरी अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, पण ती सर्वांत गंभीर आहे. अनेक पिकअप गाड्यांत मागील ब्रेकचा जोर भाराप्रमाणे कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी आसाला जोडलेली असते, आणि आस व चासी यांतील अंतरावरून तो गाडी भरलेली आहे की रिकामी हे ठरवितो. गाडी खाली घेतली की रिकामी असतानाही ती भरलेली आहे असे तो धरतो. मागील ब्रेक अवाजवी जोराने लागतात, मागची चाके जाम होऊन घसरतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरते.

जास्त माल भरता यावा म्हणून पाट्यांची पाने वाढविणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे. त्यांच्या गाडीत उलट घडते. हौदा उंच राहतो, व्हॉल्व्ह गाडी हलकी आहे असे समजतो, आणि भरल्या गाडीला ब्रेकची खरी गरज असते त्याच वेळी मागील ब्रेक अपुरे पडतात. घाटाच्या उतारावर याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

गाडी कलंडते कशामुळे?

गाडी खाली घेतल्याने ती वळणावर कलंडत नाही, असे म्हटले जाते. हे म्हणणे खोटे नाही, पण त्याचा लाभ किती हे आकड्यांनी पाहावे. दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास भाराच्या मध्यबिंदूच्या उंचीने भागले असता गाडीची स्थिरता कळते. चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे असे धरू. माल खालच्या खाली रचून मध्यबिंदू १ मीटरवर ठेवला, तर स्थिरता ०.७ येते. तोच माल उंच रचून मध्यबिंदू १.४ मीटरवर नेला, तर ती ०.५ वर येते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिल्या गाडीची मर्यादा हिशेबाने ताशी सुमारे ५२ किलोमीटर, तर दुसरीची सुमारे ४४ किलोमीटर भरते. स्प्रिंगा व टायर बाजूला झुकत असल्यामुळे प्रत्यक्षात गाडी याहून कमी वेगालाही कलंडते.

आता हीच उंच रचलेली गाडी ५ सेंटिमीटर खाली घेतली असे समजू. मध्यबिंदू १.३५ मीटरवर येईल, आणि मर्यादा ताशी एक किलोमीटरनेही वाढणार नाही. तात्पर्य, जी सुरक्षितता पाटे बदलून मिळत नाही ती माल रचण्याच्या पद्धतीने मिळते, व तीही विनाखर्च. जड माल तळाशी ठेवावा. मागील आसाच्या पलीकडे भार जाऊ देऊ नये; तो गेल्यास पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटते.

टायरवरील आकडे वाचण्याची रीत

टायरच्या कडेवर २१५/७५ आर १५ असे आकडे असतात. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये होय. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे. आर हे अक्षर रेडियल बांधणीचे आहे, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत आहे. यावरून टायरचा एकूण व्यास कोणासही काढता येतो. कडेची उंची १६१ मि.मी.; ती वर व खाली मिळून ३२२ मि.मी.; रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मि.मी.; एकूण सुमारे ७०३ मि.मी.

याच रिमवर मोटारीचा १९५/६५ आर १५ हा टायर बसविला तर काय होते? त्याचा व्यास सुमारे ६३४ मि.मी. भरतो. फरक ६९ मि.मी. असला तरी गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ३५ मि.मी.ने खाली येते. एका फेऱ्यातील अंतर शेकडा सुमारे १० ने घटते. त्यामुळे मूळ मोठ्या टायरशी जुळलेला वेगदर्शक ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ५४ नेच जात असते; केलेले किलोमीटर फुगवून दिसतात व इंजिनास तेवढ्याच वाटेसाठी अधिक फेरे घ्यावे लागतात.

परंतु खरा धोका वजनाचा आहे. मापाच्या पुढे भारांक छापलेला असतो. भारांक ९१ म्हणजे एका टायरने अधिकात अधिक ६१५ किलोग्रॅम भार घ्यावा. १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५० आणि १०८ म्हणजे १,००० किलोग्रॅम. वर सांगितलेल्या मोटारीच्या टायरवर बहुधा ९१ हा भारांक असतो. समजा, भरलेल्या गाडीच्या मागील आसावर १,८०० किलोग्रॅम भार येतो. प्रत्येक टायरच्या वाट्यास ९०० किलोग्रॅम आले. ६१५ किलोग्रॅमच्या टायरवर हा जवळजवळ दीडपट भार होय. असा टायर एकदम फुटत नाही. तो प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, आतून तापतो, त्याचे थर सुटतात, आणि उन्हाळ्याच्या दुपारी भर वेगात तो दगा देतो.

आपल्या गाडीचा भार जाणण्यासाठी वजनकाट्याचा उपयोग करावा. नेहमीइतका माल भरून प्रथम संपूर्ण गाडी व नंतर फक्त मागील चाके काट्यावर घेऊन वजन करावे. संपूर्ण वजन नोंदणी पुस्तकातील मर्यादेच्या आत आहे याची खात्री करावी. ते अधिक भरल्यास माल कमी करणे हाच एक उपाय आहे, मोठा टायर हा नव्हे. मागील आसाच्या वजनाचे निम्मे करून त्याहून थोडा अधिक भारांक निवडावा, कारण भार दोन्ही बाजूंस कधीच अगदी सारखा नसतो. वरील उदाहरणात १०४ हा अगदी काठावर येतो. १०६ किंवा १०८ घ्यावा. मात्र कारखान्याने ठरविलेल्या भारांकाहून कमी भारांकाचा टायर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये.

टायर विकत घेताना कडेवरील चार आकडी तारीखही पाहावी. २३२४ असे असल्यास तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली म्हणजे केवळ १.६ मि.मी. खोली उरली, आणि टायर बदलणे आवश्यक झाले. एकाच आसावर दोन मापांचे किंवा दोन बांधणींचे टायर बसवू नयेत.

रिमची निवड

रिम बदलावयाचा झाल्यास पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्यास, रुंदी, बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप, आणि ऑफसेट. रिमची मध्यरेषा व हबवर टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतरास ऑफसेट म्हणतात. तो ४० मि.मी. असलेल्या रिमच्या जागी त्याच रुंदीचा २० मि.मी.चा रिम बसविल्यास चाक २० मि.मी. बाहेर येते, ते मडगार्डला घासते व बेअरिंगवर वेडावाकडा ताण पडतो. ऑफसेट वाढल्यास चाक आत जाऊन पाट्यास घासते. रिम स्वतः किती भार पेलतो हेही पाहावे. मोटारीचा शोभेचा रिम मालवाहू गाडीस चालत नाही. नटांची बैठक नव्या रिमशी जुळत आहे याची खात्री करून ते समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावेत.

बसविल्यानंतरची तपासणी

गाडी भरून सपाट जागी उभी करावी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून टायर कोठे घासतो काय ते पाहावे. चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. हेडलाइटचा झोत तपासावा. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळील पट्टीवर दिलेल्या दाबाप्रमाणे भरावी. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. स्टेपनीही त्याच मापाची व हवा भरलेली असावी.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अशा बदलामुळे अडचण येऊ शकते.

हौदा खाली आणण्याऐवजी ओटा उंच करावा

मुळात गाडी खाली घेण्याची इच्छा होते ती माल चढविण्याच्या श्रमांमुळे. पंचवीस किलोचा क्रेट दिवसातून दीडदोनशे वेळा उचलणाऱ्या माणसाच्या कमरेचा विचार कोणीही केलाच पाहिजे. परंतु त्याचा उपाय गाडीत शोधण्याऐवजी जमिनीत शोधावा. शेताच्या वाटेवर, पाणी न साचणाऱ्या जागी, रिकाम्या गाडीच्या हौद्याची उंची मोजून तेवढ्याच उंचीचा दगडमातीचा ओटा बांधावा व त्यास मागील बाजूने सौम्य उतार द्यावा. बांधाला नैसर्गिक उंची असेल तर ती उपयोगात आणून खालच्या बाजूस गाडी मागे घेता येईल अशी सपाट जागा करावी. असा ओटा झाला म्हणजे क्रेट उचलावा न लागता सरळ हौद्यात सरकविता येतो. त्याचा लाभ आपल्या गाडीपुरता न राहता शेजाऱ्याच्या गाडीसही होतो, आणि वाहनाचा एक नटही बदलावा लागत नाही.

ग्रामसेवकांनी आपल्या गावातील पिकअप मालकांस सुगीपूर्वी एकत्र बोलवावे, एखाद्या गाडीच्या टायरवरील आकडे सर्वांकडून वाचून घ्यावेत आणि व्यासाचा व भाराचा हिशेब खडूने जमिनीवर मांडून दाखवावा. हा हिशेब एकदा हातात बसला की दुकानदार काय देतो यापेक्षा आपल्या गाडीस काय हवे हे शेतकरी स्वतः सांगू लागेल.